गळ टाकणाऱ्यांनीच नदी राखायची: आपल्या पऱ्यांवर हे जमेल का?

सोनवीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. सोनवी शास्त्रीला मिळते तिथून वरच्या अंगाला आमचं गाव. शाळेत असताना बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) आणि डबीभर गांडुळं घेतली की मे महिन्याची सगळी सुट्टी पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, जायची. पुढे नोकरीसाठी इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये नऊ वर्षं काढली आणि या दिवाळीत कायमचा घरी आलो.

तिकडे गावच्या अँगलिंग क्लबचा सभासद होतो. क्लबकडे ट्राउटचा एक ओढा होता. मला वाटलं, वर्गणी भरायची आणि रविवारी गळ टाकून बसायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या हातात गमबूट, फावडं आणि जाळी आली. कारण असं: ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. थंडीच्या तोंडाला मादी शेपटीने खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. खडीच्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वरून माती आली, फटी बुजल्या, की अंडी गुदमरतात. म्हणून क्लबचं निम्मं काम मातीशी झगडण्याचं. गुरं थेट पाण्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालायचं, काठावर झाडं लावायची, काठ ढासळला असेल तिथे फांद्यांचे भारे बांधायचे.

काठ ढासळण्याचं एक कारण ऐकून मी चाटच पडलो. तेरडा! आपला गौरीचा नव्हे, त्याचा हिमालयातला उंच भाऊ, 1839 साली बागेत लावायला म्हणून तिकडे नेलेला. उन्हाळ्यात काठावर माणसापेक्षा उंच माजतो, खाली दुसरं काही उगवू देत नाही आणि थंडी पडली की एकदम मरतो. मग उघड्या काठाची माती सरळ ओढ्यात. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं, म्हणून फुलावर असतानाच उपटायचा. पहिल्या वर्षी उपटताना माझा हात थबकला होता. गौर आणायला आई ज्या फुलांसाठी बांधावर जायची तशीच ती फुलं, आणि मी ती मुळासकट ढिगावर टाकत होतो.

शिवाय दर महिन्याला मोजणी. घड्याळ लावून तीन मिनिटं प्रवाहात उभं राहायचं, पायाने तळ ढवळायचा, खालच्या अंगाला जाळी धरायची. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि दगडाखालचे किडे मोजायचे. मेफ्लायची पिल्लं, वाळूचे कण चिकटवून नळकांडं करून राहणारी कॅडिसची अळी, गोड्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी जात, असे आठ गट. हे किडे घाणीला फार नाजूक. मोजणी ठरलेल्या आकड्याखाली गेली की पर्यावरण खात्याला फोन जायचा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्या पऱ्यावर गेलो. लहानपणी ज्या कोंडीत, म्हणजे पात्रातल्या डोहात, आम्हाला तळ लागत नसे, तिथे कमरेएवढं पाणी आणि खाली लाल गाळ. काठावर ब्लीचिंग पावडरची रिकामी पिशवी.

आपल्याकडे ट्राउट नाही आणि होणारही नाही, पाणी कोमट आहे. पण गरवणारे गावोगाव आहेत. त्यांनी एकत्र येऊन नदी राखायचं काम अंगावर घेता येईल का? कुणी कुठे केलंय का?

चाकरमानी_डोंबिवली

धागा एकदम मनातला. वाचता वाचता पऱ्यावर जाऊन आलो. गणपतीला गावी गेलो की भावासोबत गरवायला जातोच. माझी सूचना: सगळ्यांनी वर्गणी काढून खडशीची (महासीर माशाची) पिल्लं आणून सोडू. दोन-तीन वर्षांत नदी भरेल. मी पहिले पाच हजार देतो.

मालवणी_मुलूख

लय बरा लिवलास. आमच्याकडे पयलो पाऊस पडलो की चढणीच्या (अंडी घालूक वर चढणाऱ्या) माशांक पोरां रातभर व्हाळात, हातात बॅटरी आणि कोयतो. सगळी मासळी अंड्यांनी भरलेली. माझो आजो म्हणायचो, "पोटुशेक मारू नये रे, घराक लागता." तो सोता पट्टीचो गरवणारो, पण मिरगाचे आठ दिवस गरी भिंतीक टांगलेली.

जुनामास्तर

मी 31 वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. रत्नागिरी जिल्ह्यातले ओढे पोरांना घेऊन पायाखाली घातले आहेत. सोनवीकाठ, तुमचे किडे आपल्याकडेही आहेत. दगड उलटा करून पाहा: चपट्या अंगाची, शेवटाला दोन-तीन शेपट्यांची पिल्लं दगडाला घट्ट धरून सरकताना दिसतील. तीच मेफ्लाय. कॅडिसची नळकांडीही सापडतात. तेव्हा मोजणी इथेही होऊ शकते. फक्त तिकडचा आकडा इकडे लावू नका. आपल्या स्वच्छ ओढ्यात किती सापडतात ते आधी वर्षभर मोजावं लागेल.

पण मोठा फरक दुसराच आहे. ट्राउटचा नाजूक काळ थंडीतला आणि नाजूक जागा खडीतली. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि थोडक्यात समुद्राला मिळतात. चार महिने दुथडी आणि फेब्रुवारीनंतर प्रवाह तुटतो. उरतात ते कोंड. दोन-तीन मैलांतला सगळा मासा एप्रिल-मेमध्ये एका कोंडीत कोंडलेला असतो आणि जूनमध्ये चढणारी, अंडी घालणारी मासळी तीच. त्या कोंडीत मे महिन्यात कुणी ब्लीचिंग ओतलं किंवा जिलेटिनची कांडी टाकली, तर एका दुपारी सबंध ओढ्याचं बियाणं संपतं. नाजूक काळ दोन: उन्हाळ्यातली कोंड आणि पहिल्या पावसाची चढण. हे दोन राखले तर बाकी नदी स्वतःचं स्वतः बघते.

पूर्वी गेळफळ किंवा रामेठ्याची साल कुटून पाण्यात टाकत. त्याने मासा गुंगतो, काही मरतोही, पण पाणी वाहतं झालं की त्याचा असर निघून जायचा. ब्लीचिंगने किडे, खेकडे, बेडकांची पिल्लं सगळंच जातं. 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यातच स्फोटकं आणि विष या दोन्हींना बंदी घातली होती. कायदा जुना आहे, फक्त कोंडीवर माणूस उभा नसतो.

तेरडाफूल

आयडीमुळे तरी लिहायलाच हवं! गौरीचा तेरडा तिकडच्या नदीला जड झाला हे वाचून कसंसंच झालं.

सह्यकडा

@चाकरमानी, पिल्लं सोडायचा विचार कृपा करून थांबवा. कारण सांगतो.

खडशीचं शास्त्रीय नावच मराठी मुलखातलं आहे, टॉर खुद्री. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिलं. पुढे लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात हिची पिल्लं तयार करायला लागले आणि देशभर नद्यांत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत कुबडाचा महासीर म्हणून तिथला स्वतःचा मासा होता, जगात दुसरीकडे कुठेही नाही. बाहेरची खडस तिथे फोफावली आणि कुबडाचा मासा दिसेनासा झाला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

आणि हे कळलं कशावरून? कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या कॅम्पमध्ये 1998 ते 2012 या काळात कोणता मासा लागला, केवढा, याची नोंद ठेवली होती. मासा धरायचा, नोंद करायची, परत सोडायचा. त्या वह्या नसत्या तर तो मासा गेल्याचंही कुणाला कळलं नसतं. मी म्हणेन, पाच हजारांच्या पिल्लांऐवजी पन्नास रुपयांची वही घ्या.

चाकरमानी_डोंबिवली

हे अजिबात माहीत नव्हतं. सूचना मागे. वही मी घेतो, आणि गणपतीत भाऊ आणि मी मिळून जे लागेल ते लिहून काढू.

वाशिष्ठीकर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होतं. आईला आणि शेजारच्या आजीला माळ्यावर चढवून रात्र काढली. सकाळी पाणी उतरलं तेव्हा फ्रिज उलटा होऊन दाराला अडकलेला आणि भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ. ती रेघ मी अजून पुसलेली नाही. नदीत गाळ साचलाय म्हणून आम्ही उपोषणाला बसलो, तेव्हा कुठे पोकलेन उतरले. आता कुणी "माशांसाठी गाळ काढू नका" म्हणणार असेल, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. आधी माणसं.

सोनवीकाठ

@वाशिष्ठीकर, राग कसला. तुमच्या भिंतीवरच्या रेघेपुढे मी काय बोलणार. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही. गाळ हाच तर माशाचाही शत्रू आहे, तिकडे आम्ही त्याच्याशीच झगडत होतो. माझं दुखणं वरच्या पऱ्यांचं आहे. तिथे गाळाच्या नावाखाली गोटे उचलून नेतात, काठावरचे करंज-उंबर पाडतात आणि ओढ्याचा सरळ चर करतात. पुढच्याच पावसात उघड्या काठाची माती खाली येते, आणि ती येते तुमच्याकडे.

जुनामास्तर

वाशिष्ठीकरांचं दुःख खरं आहे. चिपळूणच्या अंगाला भरतीचं पाणी चढतं, त्यात वरून कोयनेचं अवजलही (वीज तयार करून सोडलेलं पाणी) वाशिष्ठीतच उतरतं. तिथलं पात्र मोकळं हवंच. पण गाळ तयार होतो डोंगरात. डोंगर कापले, जांभा काढला, रस्त्याच्या कामाची माती उताराला लोटली, तर खाली कितीही उपसा, दर वर्षी तेवढीच येणार. वरच्या ओढ्याची कोंड आणि काठावरची झाडं ही माणसांच्याही कामाची आहेत.

वाशिष्ठीकर

मास्तर, वरचा उतार धरला पाहिजे हे मान्य. गाळाच्या बाबतीत मात्र मी माझ्या जागी आहे. मोजणी करणार असाल तर चिपळूणच्या वरच्या अंगाला एक दिवस मी येतो. नदीचा राग करून मलाही कंटाळा आलाय.

मुचकुंदी_लांजा

आमच्याकडचा अनुभव. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, मेअखेर काढायचे असतात, पण कधी माणूस मिळत नाही, कधी निरोप येत नाही, आणि पहिला पाऊस बरगे असतानाच येतो. चढणीचा मासा बंधाऱ्याच्या भिंतीवर उड्या मारमारून थकतो आणि लोक खालून घमेल्याने भरून नेतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. बरगे आठ दिवस आधी काढले तर एक पैसा खर्च न होता हजारो मासे वर जातील. हे काम क्लबचं असू शकतं. मागच्या वर्षी आम्ही चौघांनी 30 मेला काढले. शेवटचा बरगा सोडवताना माझ्या बोटाचं नख गेलं, पण दोन जूनच्या पावसात वरच्या शेताच्या बांधापर्यंत मळ्ये मासे दिसले.

मालवणी_मुलूख

मुचकुंदीकरांनू, तुमच्या त्या नखाक माझो नमस्कार.

रोहा_रोड

सगळं वाचलं, आता एक अडचण मांडतो. मी रायगडात कातकरी वाड्यांवर शिकवतो. चढणीचे मासे बंद, कोंड बंद, असं आपण हौशी माणसं ठरवणार, आणि ज्यांच्या घरात जून महिन्यात मजुरी नसते, धान्य संपत आलेलं असतं, त्यांच्या ताटातला तो मासा असतो. ते वर्षानुवर्षं हाताने, टोपलीने, बांबूच्या खोयनीने मासे धरत आलेत. नदी त्यांनी रिकामी केलेली नाही. जिलेटिन आणि ब्लीचिंग बहुतेक वेळा मोटरसायकलवरून येतं, पार्टीसाठी.

माझ्या वर्गातला एक मुलगा, नाव सांगत नाही, पाण्याच्या रंगावरून आज वरच्या गावात कपडे धुतलेत की नाही ते सांगतो. कोणत्या दगडाखाली वाम असते ते त्याला बघताक्षणी कळतं. तुमच्या मोजणीला माणसं हवीत ना? ही माणसं आधी बोलवा. आणि नियम करायचे तर त्यांना बसवून करा.

सोनवीकाठ

रोहा_रोड सर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. पहिल्या पोस्टमध्ये मी "गरवणारे" लिहिलं तेव्हा डोळ्यासमोर माझ्यासारखेच होते. आमच्या पऱ्याच्या वर कातकरी वाडी आहे. उद्या जातो.

खाडीपल्याड

मी खाडीतला माणूस, जिताडा आणि तांबोशीवर जीव. गोड्या पाण्याचं मला फारसं कळत नाही, पण एक सांगतो. गेल्या मार्चमध्ये कांदळाच्या मुळांत एक पाणकावळा अडकलेला मिळाला. पायाला आणि पंखाला तंगूस गुंडाळलेलं, आमच्याच कुणीतरी तोडून टाकलेलं. कात्रीने एकेक वेढा कापायला अर्धा तास गेला. शेवटचा वेढा चामडीत रुतला होता. सोडल्यावर तो उडाला नाही, पाण्याच्या कडेला बसून राहिला, मग भरती आली तशी पोहत गेला.

तेव्हापासून मी बादलीबरोबर एक बरणी नेतो. तुटलेलं तंगूस, कुणाचंही असो, बरणीत. क्लब काढाल तर पहिला नियम हा ठेवा.

तेरडाफूल

आमच्या शाळेत पोरांना मोजणी शिकवायला मी तयार आहे. एक काळजी: पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप). आमच्याकडे दर वर्षी भातलावणीत पेशंट निघतात. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही आणि गमबूट हवेत, हे आधी ठरू दे. आरोग्यसेविकेला विचारूनच पुढे जाऊ.

सोनवीकाठ

ताई, अगदी बरोबर. तिकडच्या क्लबातही पहिल्या दिवशी हाच इशारा दिला होता, उंदराच्या मुतातून होणारा तोच आजार. मोजणी आपण नोव्हेंबर ते मे करू. पावसात पाण्यात कुणी उतरायचं नाही.

गुहागर_नाका

अवांतर: डासांसाठी म्हणून ओढ्यात गप्पी मासे सोडतात, ते बरं की वाईट?

जुनामास्तर

गप्पी दक्षिण अमेरिकेतला. बंद टाकीत, हौदात ठीक. वाहत्या ओढ्यात सोडू नये. आपल्या ओढ्यातले बारीक मासे डासांच्या अळ्या खातातच. चिलापी आणि परदेशी मांगूर यांच्याबाबतही तेच. हा मांगूर पाळायला तर 2000 सालापासून बंदी आहे. घरची हौस संपली म्हणून टाकीतला मासा नदीत सोडणं ही भूतदया नव्हे.

सावित्री_महाड

मूळ प्रश्न होता, कुणी कुठे केलंय का. आमच्याकडे केलंय, आणि क्लब न काढता. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचं ठाणं, आणि कोंडीतले मासे देवीचे. कुणी धरत नाही. काठावर गेलात की हातभर लांबीचे मासे पायाशी येतात, पोरं त्यांना कुरमुरे घालतात. वाड्याजवळ तिळसेला वैतरणेवरही असंच आहे. पूर्वी गावोगावच्या एखाद्या कोंडीत सातआसरा (पाण्यातल्या देवता) असायच्या, तिथे गळ टाकायची कुणाची छाती नव्हती. मला वाटतं, जाणत्या माणसांनी ठरवून एक कोंड बियाण्याला ठेवली होती.

सह्यकडा

सावित्री_महाड, धाग्यातली सगळ्यात मोलाची पोस्ट. सोनवीकाठ, तुमच्या पऱ्यावर आसरांची कोंड आहे का हो?

सोनवीकाठ

आहे. आजी न्यायची. आता तिथे शेंदराचे दगडही अर्धे गाळात आहेत. फेब्रुवारीत ते मोकळे करू.

*(जून)*

सोनवीकाठ

मंडळी, इतके महिने गप्प होतो, आता सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

मोजणी सहा वेळा झाली. वाडीतले तिघे आणि आमच्याकडचे चौघे. ट्रे म्हणून घरचं पांढरं ताट, जाळी म्हणून मच्छरदाणीचा तुकडा. वाडीतल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी कॅडिसचं नळकांडं उचलून दाखवलं आणि म्हणाल्या, "ही घरवाली अळी, ही असली की पाणी प्यायचं." हे त्यांना मी सांगायला गेलो होतो.

एक वाईट महिना आला. मार्चच्या मोजणीत पुलाखाली ताटात जवळपास काहीच नाही, आणि दोनशे पावलं वर सगळं नेहमीसारखं. शोधत गेलो तर एका ठिकाणी टँकर धुतला जात होता. भांडण केलं नाही. ताट आणि वही घेऊन ग्रामसभेत गेलो. आता टँकर तिथे येत नाही.

आसरांच्या कोंडीचा ठरावही त्याच सभेत झाला. त्या एका कोंडीत कुणीच, कधीच, कशानेच मासे धरायचे नाहीत. बाकी पऱ्यावर हाताने, टोपलीने, गरीने धरायला मोकळीक. चढणीचं असं ठरलं: रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पाग (जाळं) लावायचा नाही, वाट मोकळी ठेवायची. शेतात चढलेला मासा ज्याचा त्याने खावा. हा तोडगा मावशींचा.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. मी आणि वाडीतला एक मुलगा इरली घेऊन मोरीवर बसलो. साडेअकराच्या सुमारास बॅटरीच्या उजेडात पाण्यावर चांदीसारखी सळसळ झाली. मळ्ये, मग शिंगटी, मग एक वाम. मोटरसायकलवरून तिघे आले होते, थोडा वेळ थांबून बघत राहिले. त्यातला एकजण खाली उतरून आमच्या बाजूला येऊन बसला. पावणेएकपर्यंत आम्ही मोजत होतो, मग आकडा चुकला.

पुढची मोजणी ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात, पाण्याची ओढ कमी झाली की. चाकरमानीदादा, गणपतीत वही घेऊन या. वाशिष्ठीकर, चिपळूणच्या वरच्या अंगाला मोजणीला तेव्हाच येतो, तारीख कळवा.

वाशिष्ठीकर

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. जेवायला आमच्याकडे. आई वाट बघेल.